ॲसिरियन राजांचं हस्तिदंती फर्निचर (त्यातलं ॲसिरियन किती?)

पाटीपेन्सिल

कामानिमित्त लंडनला जाणं झालं आणि एक रविवार मोकळा मिळाला. ब्रिटिश म्युझियममध्ये सगळी गर्दी ममींपाशी. पाय बोलायला लागले म्हणून मी एका कपाटाशी टेकलो, आणि मग तिथून हललोच नाही.

आत एक हस्तिदंती फलक. जेमतेम १० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मोबाइलपेक्षाही बुटका. एका सिंहिणीने एका आफ्रिकन तरुणाला पाडलंय. पण पहिल्या नजरेला ही शिकार वाटतच नाही. तिचा पंजा त्याच्या मानेभोवती कवेत घेतल्यासारखा आहे, तो हातांवर रेलून मागे झुकलाय, मान वर, आणि गळा तिच्या जबड्यात. मागे कमळांची आणि पपायरसच्या फुलांची जाळी. कमळांत निळा लाजवर्द, फुलांत तांबडा अकीक, त्यातले काही खडे अजून जागेवर आहेत. कमरेच्या वस्त्रावर सोन्याचा पत्रा. केस तर जवळ जाऊन बघावेत असे: कुरळ्या केसांची प्रत्येक गुंडी म्हणजे सोन्याची टोपी घातलेली स्वतंत्र बारीकशी खुंटी. किती खुंट्या आहेत ते मोजायचा प्रयत्न केला, तीनदा चुकलो आणि नाद सोडला.

हे सापडलं इराकमधल्या निमरुदला. मोसुलच्या दक्षिणेला ३० किलोमीटरवर, टायग्रिसच्या काठी. जुनं नाव काल्हू. ॲसिरिया म्हणजे उत्तर इराकमधलं प्राचीन साम्राज्य. त्याचा राजा दुसरा अशुर्नासिरपाल (इ.स.पू. ८८३-८५९) याने तिथे राजधानी नेली आणि वास्तुशांत अशी घातली, की जेवणावळीचा हिशोब दगडावर कोरून ठेवला: ६९,५७४ पाहुणे, दहा दिवस, बिअरचे १०,००० रांजण आणि द्राक्षाच्या दारूच्या १०,००० पखाली. आपल्याकडे अहेराची वही ठेवतात, याने पंगतीची ठेवली.

१८४५ मध्ये ऑस्टिन हेन्री लेयार्डने इथे पहिले हस्तिदंत काढले. पुढे १९४९ पासून मॅक्स मॅलोवन आणि नंतर डेव्हिड ओट्स यांनी १९६३ पर्यंत खणलं, आणि तुकड्यांची संख्या हजारांत गेली. ही सिंहीण १९५२ मध्ये राजवाड्यातल्या एका विहिरीच्या गाळात मिळाली. तिची जुळी बहीणही तिथेच मिळाली. तिच्याबद्दल पुढे लिहीन.

मला चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की 'ॲसिरियन हस्तिदंत' म्हणून जे दाखवतात त्यातलं बहुतेक ॲसिरियन नाहीच. ही सिंहीण फिनिशियन कारागिरांची. म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरची. बाकीचं बरंच उत्तर सीरियातलं, काही दमास्कसच्या बाजूचं. ॲसिरियन राजांनी ते खंडणी म्हणून घेतलं नाहीतर लुटून आणलं. त्यांची स्वतःची शैली वेगळीच. हस्तिदंतावर बारीक रेघा मारून राजा, खंडणी आणणाऱ्यांची रांग, पवित्र वृक्ष. त्यांच्या दगडी भिंतींचीच छोटी आवृत्ती म्हणा ना. नीटनेटकी, शिस्तीची आणि (माझं मत) थोडी कंटाळवाणी.

आणि लुटून आणलेल्या मालाचं केलं काय? बरंचसं कोठारात रचून ठेवलं. तिसऱ्या शल्मनेसरने बांधलेल्या किल्लेवजा शस्त्रागारात एका खोलीत खुर्च्यांच्या किंवा पलंगांच्या पाठी रांगेने एकीमागे एक उभ्या होत्या. लाकूड कुजून गेलं, पण हस्तिदंती पट्ट्या पडल्या त्याच रांगांत सापडल्या. मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत खुर्च्या रचलेल्या असतात ना, अगदी तसं.

लिहितो आहे, तोवर कोणाला काही भर घालायची असेल तर स्वागत.

फाटकीछत्री

रुमाल टाकून ठेवतो.

साळुंकी

मस्त लिहिलंय! वाचनखूण साठवली. पण एक बाळबोध शंका. इराकमध्ये हत्ती कुठून आले? आपल्याकडून नेले का?

पाटीपेन्सिल

साळुंकीताई, शंका मुळीच बाळबोध नाही. हत्ती तिथलेच होते, सीरियात. आशियाई हत्तीच. पहिला तिग्लथ-पिलेसर हा ॲसिरियन राजा सांगतो की त्याने हर्रानच्या भागात दहा हत्ती मारले आणि चार जिवंत पकडून आणले. अशुर्नासिरपाल तीस मारल्याचं सांगतो. या वेगाने काय होणार? इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमाराला तिथला हत्ती संपला. कोरीवकामाची परंपराही त्याच्या आगेमागेच आटत गेली. पण एकट्या हत्तीवर खापर फोडता येत नाही. ज्या छोट्या छोट्या दरबारांसाठी हे कारागीर काम करायचे, ते दरबारच ॲसिरियाने एकेक करून गिळले.

खणखणीत

असिरिया म्हणजेच आपले असुर. अशुर = असुर. हे पुराव्यानिशी सिद्ध झालेलं आहे, पण सांगायला कोणी तयार नाही.

मोडीवाचक

खणखणीत, यावर आधीच चार धागे आहेत आणि चारही शेवटी कुलूपबंद झालेत. पाचवा काढायचा तर काढा, इथे सिंहिणीबद्दल बोलू द्या.

पाटीपेन्सिल, 'लुटून आणलं' याला लेखी पुरावा आहे, तो तुम्ही घातला नाहीत म्हणून मी घालतो. ॲसिरियन राजा तिसरा अदद-निरारी याच्या निमरुदच्या शिलालेखात दमास्कसच्या राजाकडून काय काय घेतलं याची यादी आहे: २,३०० तालेंत (हे वजनाचं जुनं माप) चांदी, २० तालेंत सोनं, ३,००० तालेंत तांबं, ५,००० तालेंत लोखंड, रंगीत कापडं, आणि हस्तिदंती पलंग व हस्तिदंती बैठक. इ.स.पू. ७०१ मध्ये सेनाखेरिब या ॲसिरियन राजाने जेरुसलेमच्या राजा हिज्कियाकडून जे वसूल केलं त्यातही हस्तिदंती पलंग आणि खुर्च्या आहेतच. थोडक्यात, सोन्याचांदीच्या मापात मोजायची ही वस्तू होती.

दुसरा पुरावा याहून गमतीचा. सीरियातल्या अर्सलान ताशला १९२८ मध्ये फ्रेंचांना असेच हस्तिदंत मिळाले. त्यातल्या एका पट्टीवर अरामी अक्षरांत 'आमचे स्वामी हजाएल' असं आहे. हजाएल हा दमास्कसचा राजा. म्हणजे त्याच्या घरची वस्तू ॲसिरियनांच्या ठाण्यात सापडली. चोरीच्या सायकलवर मूळ मालकाचं नाव रंगवलेलं असावं तसं.

रंधा_पटाशी

फर्निचरचा धंदा आहे, त्यामुळे राहवलं नाही. फोटो झूम करून बघत बसलो होतो. अहो, हे सुतारकाम आहे! पट्ट्यांच्या वर-खाली कुसू काढलेत, ते चौकटीच्या खाचेत बसणार. मागची बाजू बघा, पुढून जितकं गुळगुळीत तितकं मागून खडबडीत, कारण ती बाजू लाकडाला चिकटणार. आणि मागे किंवा कुसवावर एकेक अक्षर कोरलंय, बरोबर ना? आम्ही आजही दाराच्या चौकटी सुट्या करून साइटवर नेतो तेव्हा जोडाच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने १-१, २-२ घालतो. नाहीतर जोडणारा पोरगा डावं उजवीकडे ठोकतो.

पाटीपेन्सिल

दंडवत घ्या. बरोबर ओळखलंत. ती जोडणीची अक्षरंच आहेत, फिनिशियन-अरामी वर्णमालेतली. कोणत्या पट्टीनंतर कोणती हे कळायला. पुढच्या बाजूला काही ठिकाणी इजिप्तची चित्रलिपी नुसती शोभेला कोरलीय, वाचायला गेलं तर काही अर्थ लागत नाही. म्हणजे पुढे न वाचता येणारं भारदस्त अक्षर आणि मागे रोजच्या वापरातलं खरं अक्षर.

अजून एक, हे तुम्हाला आवडेल. सुळ्याचा मुळाकडचा साधारण तिसरा हिस्सा आतून पोकळ असतो. तो भाग हे लोक वाया घालवायचे नाहीत. त्याला बूड आणि झाकण लावून गोल डब्या करायचे. आपला करंडाच. भरीव भागातून पट्ट्या आणि मूर्ती. त्यामुळे काही फलकांना हलकासा बाक असतो, तो सुळ्याचाच बाक.

फाटकीछत्री

रुमाल उचलतो. एक मुद्दा राहिला: हे सगळं पांढरं नव्हतं. आपण हस्तिदंती म्हणजे साईसारखा रंग समजतो. (साडीच्या दुकानात 'हस्तिदंती रंग' मागून बघा, सतरा छटा काढून दाखवतात.) पण या वस्तू सोन्याने मढवलेल्या होत्या, खाचांत निळ्या-तांबड्या काचा आणि खडे. दुरून पाहणाऱ्याला हस्तिदंत किती दिसत असेल देव जाणे. आज काही तुकडे काळेभोर, काही करडे-निळे दिसतात, ते जळाल्यामुळे. आणि मला तर ते करडे सगळ्यात देखणे वाटतात, काय करणार.

पाटीपेन्सिल

अगदी. आणि मी मुळात हा धागा काढला तो इथे यायला.

इ.स.पू. ६१४ आणि ६१२ मध्ये मीड (इराणच्या बाजूचे) आणि बाबिलोनी फौजांनी ही शहरं फोडली. ते कोठारात शिरले, फर्निचर उचकटलं, सोन्याचा पत्रा ओरबाडून काढला आणि हस्तिदंत तिथेच टाकून दिला. काही विहिरीत फेकला. बाकीच्यावर जळतं छप्पर कोसळलं. म्हणजे आपण काचेमागे जे बघतो तो लुटारूंनी टाकलेला कचरा आहे. ज्यासाठी एका राजाने दुसऱ्याचं घर धुऊन नेलं, तेच तिसऱ्याला न्यावंसंही वाटलं नाही. सोन्याचा पत्रा जास्त असता तर हे तुकडे आणखी छिन्नविच्छिन्न मिळाले असते. सिंहिणीवर सोनं टिकलं ते विहिरीच्या गाळाच्या कृपेने.

विहिरीत एक चेहराही मिळाला, साधारण १६ सेंटिमीटरचा. तिला 'निमरुदची मोनालिसा' म्हणतात. गाळात राहून तपकिरी झालेली, ओठांवर किंचित हसू. त्याच विहिरीत दुसरा चेहरा मिळाला, तो जरा ओबडधोबड. तर त्या बिचारीचं नाव पडलं 'कुरूप बहीण'. अडीच हजार वर्षं गाळात एकत्र काढली आणि वर आल्याआल्या तुलना सुरू.

साळुंकी

अगं बाई! म्हणजे मुली बघण्याचा कार्यक्रम तिथेही चुकला नाही.

इतकी वर्षं चिखलात राहिलेला हस्तिदंत बाहेर काढल्यावर तडकत नाही का? आमच्या आजेसासूबाईंच्या फणेरपेटीत एक पिवळट फणी आहे, सगळे हस्तिदंती म्हणतात. ती नुसती उन्हात राहिली तर त्या ओरडतात.

पाटीपेन्सिल

तडकतो. ओला हस्तिदंत एकदम वाळला की पापुद्रे सुटतात. लेयार्डच्या वेळचे तुकडे हवा लागताच भुगा व्हायला लागले होते, ते इंग्लंडमध्ये नेऊन जिलेटिनच्या पाण्यात उकळवले. आज कोणी असं करायचं म्हटलं तर म्युझियमवाले बेशुद्ध पडतील, पण त्यांनी वाचवले खरे.

मॅलोवनच्या वेळी हे काम त्याच्या बायकोने केलं. बाईंचं नाव अगाथा ख्रिस्ती. होय, त्याच. त्या दर हंगामाला नवऱ्याबरोबर निमरुदला असायच्या. विहिरीतले तुकडे ओल्या फडक्यांखाली ठेवून हळूहळू वाळू द्यायचे, आणि मग खाचांतली माती काढायची. हत्यारं कोणती? नखं साफ करायची काडी, विणकामाची बारीक सुई आणि चेहऱ्याला लावायचं क्रीम. हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, आणि वर अशी तक्रारही की पंधरा दिवसांत क्रीम संपलं, चेहऱ्याला काही उरलं नाही.

जुनाबाजार

सगळं छान, पण प्रश्न तोच. इराकची वस्तू लंडनमध्ये काय करतेय? धागाभर 'ॲसिरियनांनी लुटलं, मीड लोकांनी लुटलं' चाललंय, पुढची ओळ कोणी लिहीत नाही.

मोडीवाचक

लिहितो. मॅलोवनच्या काळी उत्खननात निघालेल्या वस्तूंची कायद्याने वाटणी व्हायची, काही बगदादला, काही खणणाऱ्यांना. त्यामुळे हे चोरून नेलेलं नाही. वाटणीचा कायदा कोणी कोणत्या काळात घडवला हा वेगळा विषय, आणि तिथे मी तुमच्या बाजूला आहे. इंग्रज संस्थेकडे आलेला मोठा साठा २०११ मध्ये ब्रिटिश म्युझियमने ११ लाख ७० हजार पौंडांना घेतला. लहानमोठे मिळून ६,००० नग.

सिंहिणीच्या जोडीतली एक बगदादला राहिली, एक लंडनला गेली. २००३ मध्ये बगदादचं संग्रहालय लुटलं गेलं, त्यात तिथली सिंहीण गेली. अजून सापडलेली नाही.

खणखणीत

म्हणजे लंडनला होती म्हणून वाचली. विषय संपला.

जुनाबाजार

विषय आत्ता सुरू झाला, साहेब. २००३ मध्ये बगदादचं संग्रहालय उघडं पडलं ते कशामुळे? चढाई करणाऱ्या फौजांमध्ये ब्रिटनची फौज होतीच. घराचं दार तोडणाऱ्यांपैकी एकाने म्हणायचं, बघा, तुमचा दागिना माझ्या कपाटात होता म्हणून राहिला.

पाटीपेन्सिल

जुनाबाजार, मी लंडनच्या त्या कपाटापुढे उभा होतो तेव्हा मला यातलं काही आठवलं नाही हे कबूल करतो. नंतर हॉटेलवर वाचताना दुसऱ्या सिंहिणीचं कळलं. २०१५ मध्ये आयसिसने अशुर्नासिरपालचा राजवाडाच सुरुंग लावून उडवला, आता त्या विहिरीकडे नेणारा राजवाडाही धड राहिलेला नाही.

गोदाकाठ

धागा वर काढतोय, उशिरा वाचला. दोन गोष्टी आपल्याकडच्या.

एक, निमरुद बघायला लंडनच गाठायला हवं असं नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात निमरुदचे दगडी शिल्पपट आहेत. लेयार्डच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे इंग्लंडला जायच्या, आणि वाटेत मुंबईत काही उघडून लोकांना दाखवल्याही होत्या. कित्येक लंडनकरांच्या आधी मुंबईकरांनी निमरुद पाहिलंय.

दुसरी गोष्ट जोडणीच्या अक्षरांची. १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईला एक हस्तिदंती स्त्री सापडली, तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात. आपल्याकडची. तिच्याशी नातं सांगणाऱ्या मूर्ती जालना जिल्ह्यात भोकरदनला आणि धाराशिवजवळ तेरला मिळाल्यात. तेरचं संग्रहालय मी पाहिलंय, रखवालदारांनी स्वतः उठून दिवा लावून दिला. तर त्या पॉम्पेईच्या बाईच्या बैठकीलाही खरोष्ठी या प्राचीन लिपीतलं एक अक्षर आहे. अफगाणिस्तानात बेग्रामला १९३७ आणि १९३९ मध्ये बंद खोल्यांत भारतीय हस्तिदंती फर्निचर मिळालं, त्याच्या पट्ट्यांवरही जोडणीच्या खुणा. लाकूड गेलं, पट्ट्या उरल्या, पुढे काबूलच्या संग्रहालयातून १९९० च्या दशकात चोरीला गेल्या आणि काही २०१२ मध्ये परत आल्या. निमरुदचीच गोष्ट, फक्त गावं वेगळी.

आणि सांचीच्या दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या दंतकारांनीच लिहून ठेवलंय की हे कोरीवकाम आम्ही केलं. हस्तिदंत कोरणारे हात दगडाकडे वळले. निमरुदच्या कारागिरांपैकी कोणी असं पूर्ण वाक्य लिहिलं असतं तर?

रंधा_पटाशी

लिहिलं नाही कारण वाक्य पुढच्या बाजूला लिहितात आणि पुढची बाजू गिऱ्हाइकाची. आपली फक्त मागची.

फाटकीछत्री

वा रंधाभाऊ. +१

अवांतर: त्या 'खिडकीतल्या बाई'बद्दल कोणी लिहिलं नाही. चौकटीत चौकट अशी खिडकी, खाली चार बुटके खांब, आणि मधून सरळ आपल्याकडे बघणारा चेहरा, केसांच्या वेण्या इजिप्शियन टोपासारख्या. तो फलक पुन्हा पुन्हा सापडतो. काहींना ती देवी वाटते, काहींना देवळातली सेविका. निनेवे या ॲसिरियन राजधानीतल्या एका दगडी शिल्पात राजा अशुरबनिपाल बागेत पलंगावर लवंडलाय, समोर राणी, आणि झाडाला एलामच्या राजाचं मुंडकं टांगलेलं. त्या पलंगाचे पाय नीट बघा. पायांवर ती खिडकीतली बाई आहे. मुंडक्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, ही मात्र तशीच समोर बघत राहते.

पाटीपेन्सिल

हे मला माहीत असून मी लिहायला विसरलो. शिवाय इथे फर्निचर वापरात दिसतं, कोठारात नाही. म्हणजे माझं 'बरंचसं कोठारात रचून ठेवलं' हे वाक्य जरा मागे घेतो. काही पलंगांवर लवंडायचेही.

साळुंकी

रंधाभाऊ, पाटीपेन्सिल, कोणीतरी सांगा. धागा वाचून काल ती फणी बाहेर काढली. हस्तिदंती आहे की नाही कसं ओळखायचं? घरात दोन तट पडलेत. जाऊबाई म्हणतात विकली तर मोठी रक्कम येईल.

मोडीवाचक

विकायचं नाव काढू नका. १९८६ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून आपल्याकडे भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार बंद आहे, १९९१ पासून आफ्रिकन हत्तीच्या दाताचाही. ओळखायचं तर भिंग घ्या. सुळा आडवा कापलेला असेल तिथे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेघांची जाळी दिसते. हाड असेल तर तशी जाळी नसते, बारीक काळपट ठिपके किंवा चरे दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. गरम सुई वगैरे टोचू नका.

साळुंकी

नातवाच्या अभ्यासाचं भिंग घेऊन बघितलं. जाळी नाही. ठिपके आहेत. दात्यांच्या बुडाशी तर पुष्कळ.

रंधा_पटाशी

फोटो पाहिला. ताई, हाड आहे. काम मात्र सुबक, दाते हाताने करवतलेत, शेवटचे दोन थोडे तिरके गेलेत बघा.

साळुंकी

आजेसासूबाई ९१ वर्षांच्या आहेत. मी परत फणेरपेटीत ठेवून दिली आणि उन्हातून उचलून आत नेऊन ठेवली.